खारट तीर्थ

आमच्या घरात कोणी 'हलू नका' असं ओरडलं की सगळे जागच्या जागी थिजायचे. आई पोळपाटावर लाटणं तसंच धरून, बाबा एक पाय उंबऱ्याच्या आत आणि एक बाहेर ठेवून, शेजारच्या काकू आलेल्या असल्या तर त्याही साखरेची वाटी हातात घेऊन. ओरडणारी मीच असायची. मग मी गाल फरशीला टेकवून, गॅलरीतून उजेड येतो त्या दिशेला बघत, हळूहळू गुडघ्यांवर सरकायची. नखाएवढी चकाकी दिसली की ओल्या बोटानं अलगद उचलायची. "मिळाली," म्हटलं की लाटणं पुढे सरकायचं, बाबांचा दुसरा पाय घरात यायचा आणि काकू आपलं बोलणं तुटलं होतं तिथून जोडायच्या. कोणी हसायचं नाही. रोजच्या गोष्टीला कोण हसतं?

पडायची ती माझ्या डोळ्यातली लेन्स. लेन्स हा शब्द घरात फक्त मी वापरायची, बाकी सगळे तिला काच म्हणायचे. कॉलेजात असताना मला एका दिव्याचे पाच दिवे दिसायला लागले होते. आधी चष्मा आला, मग तो जाड झाला, मग वाढत्या पोरीचे कपडे आखूड व्हावेत तसा त्याचा नंबर अपुरा पडायला लागला. शेवटी डोळ्यांच्या एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की बुबुळाचा पडदा पातळ होऊन शंकूसारखा पुढे येतोय, चष्म्यानं आता भागणार नाही. कडक लेन्स घालायच्या, त्यांनी वरून गोलाई येते आणि दिसतं. त्या आजाराला एक लांबलचक इंग्रजी नाव होतं. आईनं ते कधीही उच्चारलं नाही. "आमच्या कुंदाचं बुबुळ टोकदार झालंय," असं ती नळावर सांगायची, आणि बायका माझ्याकडे अशा बघायच्या की टोक त्यांनाच लागणार आहे.

डॉक्टरीणबाईंनी आणखी एक गोष्ट सांगितली होती. "जपून वापर. लेन्स सतत घासली गेली तर फूल पडेल." बुबुळावर पांढरा डाग पडतो आणि तिथून दिसायचं बंद होतं, त्याला आपल्याकडे फूल म्हणतात. इतक्या वाईट गोष्टीला इतकं गोड नाव कोणी दिलं कोण जाणे. आई त्या शब्दाला फार भ्यायची, कारण आमच्या घराण्यात एक फूल आधीच होतं. बाबांच्या मोठ्या बहिणीच्या, म्हणजे आत्याच्या, डाव्या डोळ्यात. लहानपणी भात झोडताना कुसळ गेलं. मग ज्याला जे सुचलं ते त्यानं त्या डोळ्यात घातलं, मधापासून मुळ्या उगाळून काढलेल्या रसापर्यंत. डोळा वाचला नाही. आत्या गावीच राहायची, मालवणच्या अलीकडे, पण तिच्या डोळ्यातलं ते फूल आमच्या घाटकोपरच्या खोलीत कायम असायचं.

खोली डोंगरावर होती, चाळीच्या वरच्या अंगाला. डोंगराच्या पलीकडे दगडाची खाण. दुपारी सुरुंग उडाला की फळीवरची भांडी किणकिणायची आणि थोड्या वेळानं धूळ यायची. दिसायची नाही, पण माझ्या डोळ्यांना तिची वर्दी सगळ्यांच्या आधी लागायची. कडक लेन्सखाली धुळीचा एक कण गेला तर काय होतं, हे ज्यानं ती घातली आहे त्यालाच कळेल. सांगून उपयोग नाही, मी खूप जणांना सांगून पाहिलंय. आई डबे करून द्यायची, त्यामुळे घरात सकाळपासून स्टोव्हचा फरफराट आणि मसाल्याचा खकाणा. कढईत मिरची टाकण्याआधी ती मोठ्यानं म्हणायची, "फोडणी घालतेय गं!" आणि मी जिथे असेन तिथून उठून गॅलरीत जाऊन उभी राहायची. बांगड्याच्या तिखल्याची फोडणी, आमटीची फोडणी, सुक्या जवळ्याची फोडणी. माझ्या तरुणपणातल्या निम्म्या सकाळी त्या गॅलरीत गेल्या. मिरची चिरायची नाही, मसाला वाटायचा नाही, मासे साफ करायचे नाहीत, कारण मग त्या बोटांनी लेन्स काढता येत नाही. शेजारणी म्हणायच्या, मजा आहे पोरीची. मला ती मजा कधी सापडली नाही.

खरं सांगायचं तर मी दमलेली असायची. पाय दुखले तर माणूस बसतो, डोक्याला कळ आली तर पट्टी बांधतो. डोळे दमले की काय करायचं? मिटायचे. आणि मिटले की लोक विचारतात, झोपली नाहीस का? काचा काढल्या की जग पुसट आणि पाचपदरी. घातल्या की स्वच्छ, पण दुपारनंतर पापणीखाली खडा. दोन्हींतलं एक निवडायचं, रोज, उठल्यापासून. आज माझ्याकडे नातवंडं येतात, त्यांच्यातल्या एकीला मऊ लेन्स आहेत. वापरून संध्याकाळी फेकून देते. मी तिच्या हाताकडे बघत बसते. हेवा नाही म्हणणार, पण थोडा आहेच.

बाबांची गिरणी तेव्हा बंद पडलेली होती. संप संपला म्हणायचे, पण त्यांच्या खात्याचं दार काही उघडलं नाही. गिरणी गेली आणि बाबांची पूजा लांबली. आधी पाळीवर जायच्या घाईत दोन फुलं वाहून हात जोडणारा माणूस आता देवांना एकेक करून आंघोळ घालायचा, गंध उगाळायचा. तीर्थाची वाटी तुळशीचं पान टाकून फळीवर ठेवायचा आणि घरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला म्हणायचा, "तीर्थ घे." कोणाला काही देता येईल असं त्यांच्याकडे तेवढंच उरलं होतं. आईच्या डब्यांवर घर चालेना, म्हणून सगळ्यांची नजर माझ्या नोकरीवर होती. मुलुंडच्या एका कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात मी ट्रेसर होते. मोठे लोक पेन्सिलीनं यंत्रांची ड्रॉइंग काढायचे, आम्ही ती ट्रेसिंग पेपरवर शाईनं गिरवायची. केसाएवढ्या रेघा. मी टेंपररी होते, माझ्याबरोबर लागलेली नलिनीही, आणि दोघींतली एकच पर्मनंट होणार होती. आमचे हेड ड्राफ्ट्समन, कुलकर्णी साहेब, उठताबसता म्हणायचे, "डोळ्यात तेल घालून काम करा." माझ्या डोळ्यात तेल सोडून बाकी सगळं घालून झालेलं होतं. पण ते ऑफिसात कोणाला ठाऊक नव्हतं. टोकदार बुबुळाच्या मुलीला केसाएवढ्या रेघांवर कोण ठेवील, या भीतीनं मी गप्प होते. लेन्स घालणं, काढणं, सगळं बाथरूममध्ये, कडी लावून.

कुलकर्णी साहेबांनी सांगितलं होतं, दोघींना एकच ड्रॉइंग देणार, जिचं चांगलं ती पर्मनंट. त्याच्या आदल्या संध्याकाळी माझी लेन्सची डबी मोरीच्या दगडावर पडून फुटली. औषधाच्या पाण्याची बाटली आधीच संपली होती आणि उकळून गार केलेल्या मिठाच्या पाण्यावर काम चाललं होतं. (आता डॉक्टर हे ऐकून कपाळाला हात लावतात. लावोत. तेव्हा चालायचं.) आईनं दोन लहान पितळी वाट्या घासून पुसून दिल्या. उजवीची एक, डावीची एक. ठेवायच्या कुठे? खाली ठेवल्या तर झुरळं, ओट्यावर ठेवल्या तर कोणाचा तरी धक्का. आई म्हणाली, "देवाच्या फळीवर ठेव. आंघोळ केल्याशिवाय तिथे कोणी हात लावत नाही." एवढी सोवळी जागा आमच्या खोलीत दुसरी नव्हती. मी वाट्या ठेवल्या, बाबांना दाखवल्या, आणि निर्धास्त झाले.

सकाळी आत्या आली. तिच्या उरलेल्या डोळ्यात मोतीबिंदू उतरला होता, त्याच्या ऑपरेशनसाठी. बाबा एस.टी.च्या थांब्यावरून तिला घेऊन आले. सोबत कोकमाची बरणी, पोह्यांचं गाठोडं आणि तिच्या अंबाड्यात वळेसर, अबोलीचा गजरा, रात्रभराच्या प्रवासानं चेपलेला. आई पाण्याला गेली होती. आत्यानं आंघोळ केली, वळेसर पुन्हा नीट खोचला. मग मी मोरीत शिरले. बाहेरून बाबांचा आवाज ऐकू आला, रोजचाच: "देवाक पाया पड, तीर्थ घे." आणि मग आत्याचा: "तीर्थ खारट कसा रे लागता?"

बाबा म्हणाले, "मुंबयचा पाणी, आक्के." आणि तेवढ्यात त्यांची नजर फळीवर गेली.

मी अंगावर साडी गुंडाळून बाहेर धावले आणि ओरडले, "हलू नका!" बाबा थिजले. आईनं दारातच हंडा कमरेवर तोलून धरला. आत्या बिचारी पहिल्यांदाच हा प्रकार बघत होती. ती हात वर धरून उभी राहिली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "काय झाला? जनावर इला काय?" गावाकडे सापाला जनावर म्हणतात. मी फळीवर पाहिलं. उजवीची वाटी भरलेली होती, डावीची रिकामी. तीर्थ कसं घेतात हे सगळ्यांना माहीत आहे. उजव्या तळहाताच्या खळग्यात घ्यायचं, ओठांनी ओढायचं, आणि ओला हात डोळ्यांना लावून डोक्यावरून मागे फिरवायचा. आम्ही आत्याचा तळहात पाहिला, पापण्या पाहिल्या, पदर झटकला, अंबाडा चाचपला, फळी आणि फरशी पाहिली. कुठेच काही नाही.

"म्हणजे पोटात," आई म्हणाली आणि बाबांवर उखडली. "सांगायला नको होतं? तोंड काय फक्त मंत्र म्हणायला आहे?" आत्यानं एकदा माझ्याकडे, एकदा वाटीकडे पाहिलं. "काय होता त्यात?"

"माझी काच होती, आत्या. डोळ्यात घालायची."

तिला समजायला वेळ लागला. "म्हणजे मी कुंदा चेडवाचो डोळो गिळलंय?" आणि ती रडायला लागली. फूल पडलेल्या डोळ्यातूनही पाणी येतं, हे मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. घशात बोटं घालून ओकते म्हणाली, तिला कसंबसं आवरलं. आई तिला चहा देऊ लागली तर तिनं कप दूर सारला. "आधी तिचो डोळो गावानदे," म्हणाली, म्हणजे सापडू दे. खरं तर मला तिचा राग आला होता, आणि त्या रागाची लाज वाटत होती, आणि या दोन्हींसाठी मला त्या सकाळी वेळ नव्हता. ड्रॉइंग वाट बघत होतं.

मी उजवी काच घातली. डावा डोळा उघडा ठेवला की प्रत्येक वस्तूला झालर दिसत होती, म्हणून तो मिटून बघत होते. दाराशी चप्पल घालताना आत्यानं मला हाक मारली. "कुंदा गो, मिटू नको तो. मिटलस तर दोनय दमतले. मी आयुष्यभर असेच तांदूळ निवडलंय. उघडो ठेव, पण तेका काय विचारू नको."

ड्रॉइंग कुठल्याशा पंपाचं होतं, वर्तुळात वर्तुळं. नलिनी शेजारच्या बोर्डावर. "डोळे लाल का गं तुझे? रडलीस?" तिनं विचारलं. मी म्हटलं, धूळ. मग कामाला लागले. डावा डोळा उघडा ठेवला आणि त्याला काही विचारलं नाही. सुरुवातीला तो आपणहून सांगत राहिला, इथेही रेघ आहे, तिथेही आहे. नंतर तो गप्प बसला. उजव्यानं सगळं ओढलं. मी आयुष्यात सगळ्यांत सावकाश रेघा ओढल्या असतील तर त्या त्या दिवशी, आणि एकही वाकडी गेली नाही याचं मला आजही बरं वाटतं. पण एका डोळ्यानं दोघांचं काम किती वेळ करायचं? दुपार व्हायला लागली तसा काचेखाली खडा जागा झाला. डोळा भरून आला. बाथरूममध्ये गेले असते, पण रेघ अर्धी होती आणि अर्धी रेघ सोडून उठता येत नाही, जोड दिसतो. मी पापणी ताणून धरली. एक थेंब पडलाच, ताज्या शाईवर. वर्तुळाच्या कडेला काळा ओघळ आला आणि ट्रेसिंगचा कागद तिथे फुगला.

शाईचा डाग ब्लेडनं खरवडून काढतात. काढला. पण खरवडल्या जागी कागद पांढरट होतो, आणि ट्रेसिंग तर उजेडाला धरूनच बघतात. कुलकर्णी साहेबांनी धरलं. वर्तुळाच्या कडेला पांढरा डाग. फूल, दुसरं काय. "बाकी स्वच्छ आहे हो," ते म्हणाले, "हे काय झालं?"

आणि मी सांगितलं. धाडसानं नव्हे. लपवायचंसुद्धा काम असतं, आणि ते करायची ताकद माझ्यात उरली नव्हती. "साहेब, माझी बुबुळं टोकदार आहेत. लेन्स घालते. आज एकच आहे. दुसरी सकाळी माझ्या आत्यानं तीर्थ म्हणून घेतली."

ऑफिसात कोणीतरी फस्सकन हसलं. साहेब हसले नाहीत. ते काळजीनं म्हणाले, "मग असं करू या का? तुम्हाला प्रिंट रूममध्ये टाकतो. तिथे डोळ्यांचं काम नाही." प्रिंट रूम म्हणजे अमोनियाचा भपकारा. धडधाकट माणसं तिथून डोळे चोळत बाहेर यायची. आगीतून उठून फुफाट्यात. मी म्हटलं, "साहेब, तिथे गेले तर मला काहीच उरणार नाही. मला इथेच बसू द्या, फक्त मध्ये मध्ये काच काढू द्या." त्यांनी ट्रेसिंग पुन्हा एकदा उजेडाला धरलं, बराच वेळ. मग म्हणाले, नलिनीचं पर्मनंटचं पाठवतो, तुम्ही आहात तशाच राहा, पुढे बघू. मला नलिनीचा राग आला नाही. तिनं माझ्या हातात हात दिला तेव्हा तिचाच गार पडला होता.

घरी आले तेव्हा उजेड होता. आत्या गॅलरीत उपाशी बसली होती. दिवसभरात तिनं चहासुद्धा घेतला नव्हता, त्यामुळे आईही उपाशी, आणि बाबा जेवायला बसले असते तरी आईनं त्यांना पान वाढलं नसतं. मी सांगितलं, झालं नाही. आई स्टोव्हकडे वळली, सवयीनं "फोडणी घालतेय गं" म्हणाली आणि मी सवयीनं गॅलरीत गेले. आत्या देवाला दिवा लावायच्या आधी केस विंचरायला बसली होती. तिनं अंबाड्यातला वळेसर काढला आणि मांडीवरच्या रुमालावर ठेवला. सुकलेली केशरी अबोली, आणि दोन पाकळ्यांच्या मध्ये फिकट निळसर काहीतरी चमकलं.

तीर्थाचा हात डोक्यावरून फिरवताना काच तिथे जाऊन बसली होती. सकाळी अंबाडा चाचपला, पण खोचलेलं फूल कोणी उपसून पाहिलं नव्हतं. मी ती उचलली, उजेडाला धरली. कुठे ओरखडा नाही, कुठे टवका नाही. आत्यानं एका डोळ्यानं निरखून पाहिलं आणि म्हणाली, "डोळ्यात फूल पडता म्हणतत. हय बघ, फुलात डोळो पडलो." आई हसली. मीही हसले, आणि हसता हसता मला रडू फुटलं. हरवली ती हरवली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटलं. दिवसभर ती तिथेच होती, सुखरूप, फुलांत, आणि मी तिकडे एका डोळ्यानं मरत होते. आत्यानं मला जवळ ओढलं नाही की समजावलं नाही. ती फक्त म्हणाली, "आता माका जेवूक घाल." आम्ही चौघं जेवलो. भात, सोलकढी आणि तळलेले बोंबील.

त्यानंतर ऑफिसात मी लेन्स लपवली नाही. बोर्डाच्या कोपऱ्यावर पांढरा रुमाल पसरून काढायची, डोळे मिटून जरा बसायची, पुन्हा घालायची. एकदा ती हातातून निसटली आणि माझ्या तोंडून घरचंच निघालं, "हलू नका!" सगळं ड्रॉइंग ऑफिस थिजलं. नलिनी पेन अधांतरी धरून, कुलकर्णी साहेब चहाचा ग्लास ओठांशी नेऊन एका पायावर. माझा गाल फरशीला होता आणि मला त्यांचा तो वर उचललेला बूट दिसत होता. इथे आपण राहणार, असं मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं. राहिलेही, पुष्कळ वर्षं. पुढे डाव्या डोळ्यात फूल पडलंच. उजव्यात आता कोणा अनोळखी माणसाचं बुबुळ आहे, मरताना देऊन गेलेलं. डावा मी उघडा ठेवते आणि त्याला काही विचारत नाही.

पर्मनंटचं सांगायचं राहिलं. मी झाले, पुढच्या वर्षी. पेढे घेऊन घरी गेले, देवापुढे ठेवले. आत्या तेव्हा ऑपरेशन होऊन गावी परतली होती. बाबा फळीशी उभे होते. आत्या आली होती त्या दिवसापासून ते कोणालाही तोंडानं "तीर्थ घे" म्हणत नसत. वाटी उचलून थेट द्यायचेही नाहीत. त्यांनी वाटीतलं तीर्थ आधी आपल्या तळहातावर ओतलं, गॅलरीच्या दाराशी गेले आणि हात उजेडाला धरून नीट पाहिलं, साहेब ट्रेसिंग बघायचे तसं. नुसतं पाणी आणि तुळशीचं पान. मग माझ्या तळहाताला आपला तळहात लावून त्यांनी ते हळूच माझ्या हातात सोडलं.

"काय नाय त्यात," बाबा म्हणाले. "पी."